चिकाटी की हट्ट?



गेल्या रविवारी मिस्सानंतर काही जणांनी विचारले, "फादर, एवढे टोमॅटो कुठून आणले?" ते आणलेले नाहीत, आमच्या परसबागेतच पिकले. पण त्याआधी तीन वर्षे आम्ही सपशेल नापास झालो, हेही सांगायला हवे.

पहिल्या वर्षी जूनमध्ये रोपे लावली. आपल्या वसईच्या पावसात पाने हिरवी असतानाच ती माना टाकून मेली. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये लावली. फुले भरपूर आली आणि सगळी गळाली. तिसऱ्या वर्षी थंडीत लावली, पण त्याच पहिल्या कोपऱ्यात. पुन्हा तेच. दरवेळी आम्ही स्वतःचे समाधान केले : आपण चिकाटी सोडली नाही ना!

शेजारच्या आजींनी एकच प्रश्न विचारला, "फादर, झाड कशानं मेलं ते बघितलंत का कधी?"

आम्ही बघितले नव्हते. मेलेल्या रोपाचा देठ कापून पाण्याच्या ग्लासात धरला, तेव्हा पांढरट चीक धाग्यासारखा उतरू लागला. ही मर रोगाची खूण. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि वांग्यालाही धरतात. त्या कोपऱ्यात पूर्वी वांगीच होती. मार्चच्या रोपांची फुले गळाली ती उकाड्याने. रात्रीही गारवा नसेल तर टोमॅटोला फळ धरत नाही. मग चौथ्या वर्षी कुंड्यांत नवी माती व शेणखत भरले, नोव्हेंबरमध्ये रोपे लावली, काठीचा आधार दिला, रोज सकाळी बुंध्याशी पाणी घातले. फेब्रुवारीत टोमॅटो लाल झाले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी चिकाटीला धैर्याचा भाग मानले आणि तिच्या विरुद्ध दोन दोष सांगितले. एक नरमाई : कष्ट पडताच सोडून देणे. दुसरा हट्ट : सोडायला हवे तेही धरून बसणे. पहिला दोष सर्वांना दिसतो. दुसरा मात्र सद्गुणाचा झगा घालून येतो, म्हणून आम्हाला तीन वर्षे दिसला नाही.

शुभवर्तमानातील अंजिराचा माळी आणखी एक वर्ष मागतो, पण नुसती वाट पाहत नाही. भोवती खणून खत घालण्याचे वचन देतो.

हे टोमॅटोपुरते असते तर इथे लिहिले नसते. काही वर्षांपूर्वी दहावीत पुन्हा पुन्हा नापास होणारा एक मुलगा आमच्याकडे येई. आम्ही दरवेळी म्हणालो, "प्रयत्न सोडू नकोस, प्रार्थना कर." सल्ला खोटा नव्हता. पण त्याचे कुठे अडते, घरी अभ्यासाला जागा आहे का, फळ्यावरचे नीट दिसते का, हे एकदाही विचारले नाही. देठ कापून पाहिलाच नाही. पुढे त्याने येणे सोडले.

आपल्या घरातही असे कुणी असेल. त्याला "पुन्हा प्रयत्न कर" म्हणण्याआधी दहा मिनिटे त्याच्याजवळ बसा आणि विचारा. आम्हीही या आठवड्यात त्या मुलाच्या घरी जाणार आहोत. टोमॅटो घेऊन.