रानमेवा व वनौषधी : ग्रहणाचा विवेक

मृगाच्या सरी पडून आठ-पंधरा दिवस लोटले की मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाच्या शिवारात बांधाबांधांवर तरोट्याची कोवळी पाने दिसू लागतात आणि आयाबाया ती ओटीत खुडून आणतात. पुढे सीताफळ येते, थंडीत आवळा व बोर येते. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे गेल्यास उन्हाळ्यात टेंभुरणी व चारोळी पिकतात. अडुळसा, आघाडा, पुनर्नवा, गुळवेल यांना तर अंगणाबाहेर फार दूर जावे लागत नाही. हिवर वृक्षावरून नाव पडलेली गावे विदर्भात ठायी ठायी आहेत. येथील माणसाचा झाडाशी असलेला संबंध त्याच्या गावाच्या नावापर्यंत पोचलेला आहे.

हे सर्व कोणी पेरलेले नसते. ई-क्लासच्या गायरानातील बोरीला कोणी पाणी घातलेले नसते व तिच्यापाशी राखणदारही नसतो. तिची बोरे वेचणारा चोरी करीत नाही, हे उघड आहे. परंतु चोरी नाही एवढ्यावरून ते ग्रहण निर्दोष ठरते काय?

जुन्या वैद्यपरंपरेत या शंकेचे एक उत्तर होते. औषधी काढावयाची असल्यास आदल्या दिवशी तिच्यापाशी अक्षता ठेवून तिला आमंत्रण द्यावे, वनस्पतीत वसणाऱ्या देवतेची क्षमा मागावी व मगच हात लावावा, असा परिपाठ होता. त्या परिपाठाचा एक लाभ नाकारता येत नाही : भयामुळे का होईना, हात आवरला जाई. महानुभाव वासनिकाला मात्र हा मार्ग मोकळा नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांच्या विचारात देवतांचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्यांची भक्ती नाकारलेली आहे. तेव्हा तो झाडापुढे अक्षता ठेवीत नाही. येथेच एक सूक्ष्म धोका संभवतो. देवतेचे भय गेले आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही विचार आला नाही, तर अन्यव्यावृत्तीचा अर्थ केवळ हात मोकळा होणे एवढाच उरेल. शेजारची बाई मुंजाच्या भयाने ज्या पिंपळाची फांदी तोडीत नाही, ती वासनिकाने निःशंकपणे तोडावी आणि त्यास ज्ञान म्हणावे, हे धर्माला शोभणारे नाही.

पारध्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या जानूतळी शिरला व स्वामींनी त्याचे रक्षण केले, ही लीळा सर्वांस परिचित आहे. ससा पळू शकला म्हणून शरण येऊ शकला. स्थावर योनीतील जीवाला पळता येत नाही. ज्याला शरण येता येत नाही त्याच्याविषयी साधकाचे कर्तव्य उणे होते, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय बोरीवर एकट्या माणसाचाच भार नसतो. तिच्या फळांवर बुलबुल जगतात, रात्री कोल्हेही खाली पडलेली बोरे खातात. सर्व झाड झोडपून पोते भरणाऱ्याने कोणाचे धन घेतले नसेल, पण अनेकांच्या तोंडचा घास घेतला आहे.

म्हणून घेण्या-घेण्यात भेद करावा लागतो. पिकून गळालेले फळ उचलण्यात झाडाची हानी नाही. तरोट्याचा शेंडा खुडला तर बगलेतून पुन्हा फुटवा येतो. गुळवेलीची गोष्ट तर विलक्षण आहे : मधून कापली तरी वरच्या भागातून सुतासारखी मुळे खाली सुटतात आणि जमिनीस टेकली की ती वेल पुन्हा उभी राहते, तिला अमृता म्हणतात ते यथार्थ आहे. याच्या उलट सफेद मुसळी. तिचे औषध कंदात असते, आणि पाने सुकल्यावर ती रानात ओळखू येत नाही. म्हणून लोक पावसाळ्यातच, बी गळण्यापूर्वी, ती खणतात. त्यायोगे झाडही जाते व पुढील पिढीही जाते. चारोळीसाठी फांद्या तोडणे याच जातीचे आहे. घरच्या रुग्णासाठी शतावरीचा एखादा कंद काढून मुख्य गड्डा मातीआड करणारा आणि बाजारभाव ऐकून टेकडी पालथी करणारा, दोघांच्या हाती कुदळ सारखीच असली तरी दोघांची क्रिया एक नव्हे. 2020 च्या साथीत गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा हा भेद अनेकांच्या ध्यानी राहिला नाही.

अज्ञानाने घेणे हाही दोषच. 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शक्यता पुढे केली. वाद कसाही असो, अनोळखी वेल दुसऱ्यास पाजण्यात उपकार नाही. गुंजेचे तांबडे बी मुलांना बोरासारखे मोहक वाटते, पण ते जहर आहे.

साधनवंताचा प्रश्न याहून निराळा आहे. देशाच्या टोकाशी, झाडाच्या तळी राहून परमेश्वराच्या स्मरणात जन्म घालवावा, असा त्याला आदेश आहे. मग झाडाखाली राहणाऱ्याने झाडाच्याच फळांवर का जगू नये? त्यात गृहस्थाला त्रास नाही, मागण्याची लाजही नाही. वरवर पाहता हे अधिक विरक्त दिसते. तथापि अटन, विजन यांच्या जोडीला स्वामींनी भिक्षा सांगितली. कंदमुळे सांगितली नाहीत. सावलीसाठी झाड आणि अन्नासाठी दार, अशी ही योजना आहे. भिक्षेत काय मिळेल हे आपल्या हाती नसते. आंबट, खारट, शिळे एकाच झोळीत पडते, कधी नकारही पडतो, आणि त्यातच 'मी'पण झिजते. रानात मात्र निवड आली : हे बोर पिकले, ते कच्चे, ही बोर गोड, ती किडकी. उद्या त्याच झाडाकडे पाय वळतात, आणि विजनासाठी निवडलेली जागा हळूहळू आपली बाग होऊन बसते. आपण कोणाचे मिंधे नाही, हा अहंकार तर सर्वांत सूक्ष्म. जाळीचा देव या स्थानाचे नाव जाळीवरून पडले. जाळीत स्वामींचे सान्निध्य झाले म्हणून ती वंद्य झाली, तिच्या फळांसाठी नव्हे.

राहिला व्याधीचा प्रसंग. एखाद्या वृद्ध महात्म्यास ताप येतो. गुळवेल समोरच्या निंबावर चढलेली असते. तिला त्यांनी हात लावावा काय? कोणी पाहात नाही, अंतर दहा पावलांचे आहे, दुखणे खरे आहे. येथे कठोर निर्णय देणाऱ्याने आधी स्वतः तापात पडून पाहावे. तरीही उत्तम आचार हाच की त्यांनी वासनिकास आपली व्यथा सांगावी आणि वासनिकाने जाणत्याकडून वेल ओळखून घेऊन, बोटाएवढी कांडी वरच्या बाजूने कापून, घरी काढा करून आणावा. सांगण्यात महात्म्यास जो संकोच वाटतो तो भिक्षेतीलच संकोच आहे. आणि वासनिक त्या दिवशी शेतात गुंतला असेल, तर त्याने काम टाकून यावे. कारण तोपर्यंत निंबाखाली कोणीतरी वाट पाहात बसलेले आहे.