घर आणि शाळा यांच्या मधल्या वाटेवर



पाऊस सुरू झाला आणि शाळाही उघडल्या. सकाळची मिस्सा संपवून बाहेर पडताना शाळेकडे निघालेली नवी दप्तरे, नव्या छत्र्या आपण पाहत आहोत. पहिलीतली काही मुले आईचा हात सोडायला तयार नसतात. फाटकापाशी तो हात सुटतो आणि बाईंचा हात मिळेपर्यंत दहा-पंधरा पावले मूल एकटेच चालते. आज त्या दहा-पंधरा पावलांविषयी थोडे चिंतन करू या.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू जेरुसलेमात मागे राहिल्याची घटना आहे. वल्हांडण सण आटोपून मरिया व योसेफ गावच्या मंडळीबरोबर परत निघाले. येशू त्या मंडळीत कुठेतरी असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत शोध झाला. तो सापडेना तेव्हा ते माघारी फिरले आणि तीन दिवसांनी तो त्यांना मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळला.

मरिया आणि योसेफ यांच्याहून प्रेमळ आईबाप कुठे मिळणार? तरीही मूल कुणाच्या तरी नजरेत असेल, असे त्यांना वाटले. आपल्याकडे हे रोज घडते. आईला वाटते, दिवसभर मूल शाळेत असते, बाई बघतील. बाईंना वाटते, घरी आई बघत असेल. मूल मात्र दोघींच्या मधल्या वाटेवर एकटेच राहते.

आपल्यासारख्याच एका कुटुंबातली गोष्ट. दुसरीतल्या मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येऊ लागली. आईने दोनदा रागावून पाहिले, मग सोडून दिले. वर्गात ती दुपारनंतर गप्प बसे. बाईंना वाटले, स्वभावच शांत आहे. पुढे तिच्या पोटात दुखू लागले, लघवीला जळजळ होऊ लागली, शाळा बुडू लागली. डॉक्टरांनी जवळ घेऊन विचारले तेव्हा कळले की, शाळेतल्या शौचालयाच्या दाराची कडी लागत नव्हती. कुणीतरी दार उघडील या भीतीने ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. आईने शाळेच्या कॅलेंडरात चार ओळी लिहून पाठवल्या. दुसऱ्याच दिवसापासून बाईंनी दाराशी उभी राहायला एक मैत्रीण दिली आणि आठवडाभरात कडीही बसली. त्या चार ओळी लिहायला चार महिने लागले होते.

का लागले? ती आई म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीसाठी शाळेत काय जायचं? शिवाय बाई इंग्रजीत बोलतील." आपल्यापैकी कितीतरी जणांचे हेच दुखणे आहे. आपण मराठी शाळेत शिकलो आणि मुलांना इंग्रजी माध्यमात घातले. कॅलेंडरातला शेरा आपण शेजारच्या मुलीकडून वाचून घेतो, खाली सही करतो आणि विचारायचे ते मनातच राहते. बंधुभगिनींनो, मुलाच्या दुखण्याला माध्यम नसते. मराठीत लिहा, मराठीत बोला. त्यात कमीपणा कसला?

दुसऱ्या बाजूला, बाई मुलाला रागावल्या की दुसऱ्या दिवशी तावातावाने शाळा गाठणारेही आपल्यातच आहेत. काही जण शाळेतही जात नाहीत. व्हॉट्सअॅपच्या गटावर पन्नास जणांशी बोलतात, फक्त बाईंशी बोलत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २० मे २०१५ रोजी व्हॅटिकनमधील श्रोत्यांना आपल्या लहानपणची आठवण सांगितली होती. चौथीत असताना ते बाईंना वाईट शब्द बोलले. बाईंनी त्यांच्या आईला बोलावले. दोघी आधी एकमेकींशी बोलल्या, मग मुलाला बोलावण्यात आले. त्याची चूक आईने बाईंच्या समोर सौम्यपणे समजावली आणि त्याला क्षमा मागायला लावली. गोष्टीचा दुसरा भाग घरी गेल्यावर सुरू झाला, असेही त्यांनी हसत सांगितले! आई आणि बाई एका बाजूला उभ्या आहेत, हे त्या मुलाने पाहिले. ते त्याला पोप झाल्यावरही आठवत होते.

आपल्यातल्या शिक्षक-शिक्षिकांनाही एक विनंती. शाळेतून फोन आला की आईच्या काळजात धस्स होते, कारण फोन येतो तो तक्रारीसाठीच. मुलाने आज स्वतःहून हात वर केला, डबा वाटून खाल्ला, हेही कधी कळवावे. आईबाप हेच मुलाचे पहिले शिक्षक आहेत आणि शिक्षकांनी त्यांच्या साथीने काम करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावरील घोषणापत्रात सांगितले. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानेही पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य मानले आहे. तेव्हा पालकसभा म्हणजे गुणपत्रिकेवर सही करण्याची रांग होऊ नये. आणि वडिलांनीही तेथे यावे. येशूच्या शोधात योसेफही माघारी फिरला होता.

काही गोष्टी मात्र 'एवढ्याशा' नसतात. मारहाण, अपमान, नको तो स्पर्श यांविषयी मूल बोलले तर त्याच्यावर विश्वास ठेवा. तेव्हा चार ओळींवर थांबू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा, आणि गरज पडल्यास पोलिसांकडे जा. शाळेचे किंवा चर्चचे नाव राखण्यासाठी मुलाला गप्प बसवणे हे पाप आहे.

मंदिरात येशू सापडला तेव्हा मरियेने आपली व्यथा लपवली नाही. तिने सरळ त्यालाच विचारले. मिळालेले उत्तर तिला आणि योसेफला पूर्ण उमगले नाही, तरी तिने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. आपल्यालाही पहिल्याच भेटीत सगळे उमगणार नाही. पुन्हा जावे लागेल, पुन्हा विचारावे लागेल.

तर या आठवड्यात एवढे करू या. आज रात्री मुलाला गृहपाठाआधी विचारू या, "डबा कुणाबरोबर खाल्लास? आज कशाची भीती वाटली का?" आणि उद्या कॅलेंडरात बाईंसाठी एक ओळ लिहू या. ती काळजीची असो वा आभाराची.

नाझरेथच्या घरी येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. आपली मुलेही तशीच वाढावीत आणि त्यांच्या वाटेवर एका बाजूला घराचा, दुसऱ्या बाजूला शाळेचा हात असावा, ही पवित्र कुटुंबाच्या चरणी प्रार्थना. आमेन.