वाटल्याने वाढणारे आणि वाटल्याने झिजणारे

शाळा-महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपतात, पुनरुत्थानाचा सण पार पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात घरोघरी सहलींचे बेत शिजू लागतात. पुण्याकडील तरुणांना अशा वेळी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांची हमखास आठवण होते. रायरेश्वराचे पठार, रोहिडा, राजगड, तोरणा, भाटघरचा विस्तीर्ण जलाशय, महाडकडे उतरणारा वरंध घाट. एवढ्याशा टापूत इतके काही दाटीने मांडून ठेवले आहे की, दोन दिवसांच्या सुटीत काय पाहावे आणि काय सोडावे असा प्रश्न पडावा. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हे हे नाव अजून रुळलेले आहे.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात मोबाइलवर देवाणघेवाण सुरू होते. कोणी वाटेत ऐकावयाच्या गाण्यांची यादी धाडतो, कोणी गडावर जाण्याची जवळची वाट सांगतो, कोणी पाण्याकाठच्या एखाद्या निवांत जागेचे छायाचित्र पाठवून 'ही जागा अजून कुणाला ठाऊक नाही' असे बजावतो. हा सारा व्यवहार इतका निरागस दिसतो की, त्यात काही नैतिक प्रश्न असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. तथापि, प्रश्न आहे आणि तो विचार करण्याजोगा आहे. आपल्याला जे आवडले ते दुसऱ्याला देताना आपण नेमके काय देत असतो? आणि त्या देण्याची जबाबदारी कोठवर आपली असते?

ही रीत काही आजची नव्हे. ध्वनिफितीची छोटी कॅसेट १९६३ साली जगापुढे आली आणि पुढल्या वीस वर्षांत ती आपल्या खेड्यापाड्यांतही पोहोचली. कोरी कॅसेट आणि आवडत्या गाण्यांची हाताने लिहिलेली यादी घेऊन दुकानदाराकडे जायचे आणि 'भरून' घेतलेली कॅसेट मित्राला भेट द्यायची, ही गोष्ट आज पन्नाशी-साठीत असलेल्यांच्या परिचयाची आहे. साठ किंवा नव्वद मिनिटांची मर्यादा असल्यामुळे कोणते गाणे घ्यावे आणि कोणते वगळावे यावर बराच खल होत असे. एसटीच्या गाडीत तर यंत्राचीही गरज नव्हती. गाण्यांच्या भेंड्यांनी घाट केव्हा संपला हे कळत नसे. प्रवासाच्या माहितीचेही तसेच. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'सारख्या पुस्तकाची पाने वही घेऊन उतरवून काढलेली माणसे आजही भेटतील. देण्याची वृत्ती जुनीच आहे. पूर्वी ते देणे दहा जणांपर्यंत जाई, आज ते एका संध्याकाळी दहा हजारांपर्यंत जाते. प्रमाण इतके पालटले की एखाद्या कृतीचे नैतिक स्वरूपही पालटते.

संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणीविषयीच्या आपल्या ग्रंथात, पहिल्याच भागाच्या आरंभी, एक मार्मिक विचार मांडला आहे. त्याचा आशय असा की, जी वस्तू दुसऱ्याला दिल्याने कमी होत नाही, ती न देता केवळ आपल्यापाशी ठेवणाऱ्याला ती खऱ्या अर्थाने लाभलेलीच नसते. आपल्याकडेही विद्या वाटल्याने वाढते असे म्हणतात, ते याच अर्थाने. या विचाराच्या पोटात एक भेद दडलेला आहे. काही गोष्टी वाटल्याने वाढतात. काही गोष्टी वाटल्याने झिजतात. भाकरी वाटली की आपल्या वाट्याला अर्धीच उरते आणि म्हणूनच ती वाटण्यात त्याग असतो. गाणे वाटले तर ते आपल्यापाशीही पूर्ण राहते आणि दुसऱ्यापाशीही पूर्ण जाते. सहलीपूर्वीच्या देवाणघेवाणीत आपण या दोन्ही जातींच्या वस्तू एकाच पिशवीत घालून देतो. नैतिक गोंधळ तेथूनच सुरू होतो.

प्रथम गाण्याचा विचार करू. गाणे देणे हे निश्चितच चांगले देणे आहे आणि याची साक्ष भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतच मिळते. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पहाटे जात्यावर बसून ओव्या गात आल्या. आईची ओवी लेकीने घेतली, तिच्यात आपले एखादे दुःख मिसळले आणि सासरच्या गावी ती सुनेच्या कानी घातली. कोणी कोणाकडून घेतले याचा हिशेब नव्हता. पण घेतलेले जसेच्या तसे पुढे ढकललेही जात नव्हते. घरोघरीच्या जात्यांची जागा पिठाच्या गिरण्यांनी घेतली आणि हा ठेवा विरून जाण्याची वेळ आली. तेव्हा, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोन अभ्यासकांनी डोंगरातील स्त्रियांच्याच मदतीने त्या ओव्या टिपून घेण्याचे काम हाती घेतले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या सर्वांसाठी खुल्या होत आहेत. यातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले जाते. वस्तू वाटली गेली, पण ती निनावी झाली नाही. तिच्यामागचे माणूस तिच्याबरोबर आले.

आपण पाठवितो त्या यादीत हे माणूस असते काय? मित्राचा स्वभाव, त्याचे सध्याचे दुःख, त्याची हौस ध्यानी घेऊन निवडलेली दहा गाणी हे एक छोटेसे पत्रच होय. यंत्राने सुचविलेली शंभर गाणी न ऐकताच पुढे पाठविणे, याला मात्र देणे म्हणता येत नाही. तो केवळ भार हलविणे आहे.

गाण्याची आणखी एक बाजू आहे. यादी वाटल्याने झिजत नाही हे खरे, पण गाणे वाजते ते हवेत, आणि हवा सर्वांची असते. कानात घातलेले गाणे माझे. राजगडाच्या पद्मावती माचीवर मोठ्या पेटीतून सोडलेले गाणे माझ्यापुरते राहत नाही. तेथे कोणी शांतपणे सूर्यास्त पाहत बसलेला असतो, कोणी मुलाला इतिहास सांगत असतो. सुवेळा आणि संजीवनी माच्यांच्या कड्यांवर वाऱ्याचा जो आवाज येतो, तो ऐकण्यासाठीच काही जण तीन तास चढून आलेले असतात. मी माझे गाणे 'वाटतो' आहे असे मला वाटते. वस्तुतः मी त्यांच्याकडील काहीतरी काढून घेत असतो. देण्याच्या नावाखाली लादणे हा प्रकार नीतिशास्त्राला जुना आहे. घेणाऱ्याला 'नको' म्हणण्याची जागा जेथे उरत नाही, तेथे दान संपते. कड्याकपारींतील आग्या मोहोळाच्या माश्यांनाही हा गोंगाट, धूर आणि उग्र वास मानवत नाहीत, आणि त्यांचा निषेध माणसांइतका सौम्य नसतो.

आता जागेचा विचार करू. जागा ही झिजणारी वस्तू आहे. गडावरील पाण्याचे टाके शंभर माणसांना पुरते. हजारांना पुरत नाही आणि मग ते पिण्याजोगेही राहत नाही. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की जलाशयात बुडालेले कांबरेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. ते पाहण्याची ओढ कोणालाही वाटावी. परंतु थोड्याच दिवसांसाठी पाण्याबाहेर येणाऱ्या त्या जुन्या दगडांवर किती पावलांनी चढावे याचा विचार छायाचित्र पाठविणारा करीत नाही. फाल्गुनानंतर या डोंगरांवरील गवत काडीसारखे वाळलेले असते. एका विझवायच्या राहिलेल्या चुलीने किंवा विडीच्या थोटकाने संपूर्ण उतार जळून जातो, आणि त्यासोबत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि गुरांचा चाराही. ज्याने जागा सांगितली त्याने काडी टाकली नाही, हे खरे. पण ज्याने शंभर अनोळखी माणसांना दार दाखविले, त्याने आत काय जपावयाचे आहे हेही दाखवावयास हवे होते.

येथे एक रास्त आक्षेप येईल. मग काय, जागा लपवून ठेवाव्यात? आपण पाहून घ्यावे आणि मागून येणाऱ्यांसाठी दार लावावे? हा युक्तिवाद आपण सुशिक्षितांकडून पुष्कळदा ऐकतो आणि त्यात स्वार्थाचा वास येतो. आधी पोहोचल्याने कोणी मालक होत नाही. राजगड हा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाचा आहे. ज्याच्याकडे गाडी नाही आणि पुस्तकेही नाहीत, त्याला तर कोणीतरी वाट सांगितल्यावाचून तो कधी दिसणारच नाही. म्हणून लपविणे हे उत्तर नव्हे. उत्तर आहे पुरते सांगणे. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गविषयक लेखनाने हजारो माणसे गडांकडे वळली. पण त्या लेखनात गडाबरोबर गडाखालची माणसे येतात, वारा येतो, उन्हाचा ताप येतो. वाचक तेथे जातो तेव्हा काही शिकून गेलेला असतो. आजच्या चार ओळींच्या निरोपात जागा येते आणि तिचे शील मागे राहते.

अपुरे सांगणे केवळ जागेलाच घातक नसते, ते माणसालाही घातक असते. गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगड जवळ पडतो, असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण ती वाट उभी आहे, शेवटी कातळ आहे, हे न सांगता एखाद्या प्रौढ मावशीला त्या वाटेने धाडणे हे खोटे बोलण्याच्या फार जवळचे आहे. तिला पाली दरवाजाची लांबची, पायऱ्यांची वाट सांगावयास हवी. केळदजवळील मढे घाटातील धबधब्याचे जुलैतील चित्र एप्रिलमध्ये पुढे पाठविले, तर जाणाऱ्याला कोरडा कडा आणि रणरणते ऊन भेटेल. ही निराशा तरी परवडली. मे २०२२ मध्ये भाटघरच्या जलाशयात एकाच कुटुंबातील पाच स्त्रिया बुडून मरण पावल्या. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्याखाली एक आखी दरी आहे आणि काठावरून तिच्या खोलीचा अंदाज येत नाही. 'छान जागा आहे, पाण्यात उतरता येते' असे लिहिणाऱ्याने हे ध्यानी धरावे. माहिती आणि सल्ला यांत हाच फरक आहे. माहिती कोणालाही देता येते. सल्ला देण्यापूर्वी घेणारा कोण, त्याचे वय काय, त्याला पोहता येते काय, हे विचारावे लागते. ज्याला आपण ओळखत नाही त्याला सल्ला देताना भय सांगणे हे आनंद सांगण्याइतकेच आवश्यक आहे.

या सर्व व्यवहारात एका पक्षाला कोणी विचारीतच नाही. तो पक्ष म्हणजे त्या गावांत राहणारी माणसे. आपल्या दृष्टीने जी 'निवांत जागा', ती कोणाची तरी गुरे चारण्याची, धुणे धुण्याची, देवाला नमस्कार करण्याची जागा असते. पुण्याची तहान भागविण्यासाठी आणि खालच्या तालुक्यांतील शेती भिजविण्यासाठी या दोन तालुक्यांनी आपल्या दऱ्या धरणांना दिल्या. उन्हाळ्यात याच तालुक्यांतील डोंगरमाथ्यावरच्या वाड्या-वस्त्यांवर बाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. अशा गावी आपण पाहुणे म्हणून जातो. गावातील घरी पिठले-भाकरी सांगावी, तिचे रास्त मोल द्यावे, विहिरीवर हात धुताना पाणी जपून वापरावे, शेताच्या बांधावरून विचारून जावे, या गोष्टीही आपल्या निरोपात असाव्यात. पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याला बोलाविताना यजमानाची आठवण ठेवावी, इतका साधा हा शिष्टाचार आहे.

घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. सारे ऐकून, सारे पाहून, कोठे उभे राहून छायाचित्र काढावे इतकेही ठरवून जो निघतो, त्याची सहल घरीच संपलेली असते. त्याला वाटेत फुललेला पळस दिसत नाही, कारण तो यादीत नसतो. करवंदे विकणाऱ्या आजीशी तो बोलत नाही, कारण तिच्यापाशी थांबण्याचा वेळ धरलेला नसतो. म्हणून चांगला देणारा थोडे देतो आणि थोडे राखतो. ते राखणे कंजूषपणाचे नसते, दुसऱ्याला स्वतः शोधण्याचा आनंद मिळावा म्हणून असते. आईवडील मुलांना वाढविताना हेच करीत असतात.

येत्या सुटीत आपल्या घरातील मुले जेव्हा मोबाइल घेऊन बेत आखावयास बसतील, तेव्हा त्यांना रागावण्याचे कारण नाही. त्यांच्याजवळ बसावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. हे गाणे तू कोणासाठी निवडलेस? ही जागा सांगताना तिथले भय आणि तिथली माणसे तू सांगितलीस काय? आणि तुझ्या सांगण्यावरून उद्या शंभर जण तेथे गेले, तर त्या गावाला बरे वाटेल काय? या प्रश्नांची उत्तरे देता देता कदाचित निरोपातील दोन ओळी खोडल्या जातील आणि दोन नव्या लिहिल्या जातील. मग तो निरोप खुशाल पाठवावा, आणि पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या बरोबर घ्याव्यात, हेही त्यात लिहावे.