मोठे आत आहेतच ना!

मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर या आठवड्यात एका कंपनीत पैसे गुंतवण्याचे आवाहन करणारा जो संदेश सादरीकरणासह फिरला, त्यातील कंपनी चांगली की वाईट हा येथे चर्चेचा विषय नाही. ती कदाचित उत्तमही असेल. विषय आहे तो संदेश पुढे ढकलणाऱ्यांचा आणि त्यांनी वारंवार दिलेल्या एका सबबीचा. (ज्या सादरीकरणात रॉकेटचे चित्र असते त्यावर विश्वास ठेवू नये, हे या स्तंभाचे जुने मत आहे आणि या सादरीकरणात दोन रॉकेटे होती.)

शेअर बाजारात अद्याप न आलेली, परंतु अनेकदा भांडवल उभारून सार्वजनिक विक्रीच्या उंबरठ्यावर पोहोचलेली तंत्रज्ञान कंपनी निवडायची, केवळ तिच्यापुरती एक स्वतंत्र संस्था उभी करायची, ओळखीच्या लोकांकडून पाच-दहा लाख गोळा करायचे आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून किंवा जुन्या गुंतवणूकदारांकडून समभाग घ्यायचे, अशी ही सौदानिहाय गुंतवणुकीची पद्धत आहे. नेहमीच्या निधीत पैसे अनेक कंपन्यांत विभागले जातात आणि व्यवस्थापकाचा नफ्यातील वाटा, ज्याला या धंद्यात ‘कॅरी’ म्हणतात, साधारणपणे सर्व गुंतवणुकींची गोळाबेरीज झाल्यावर ठरतो. सौदानिहाय पद्धतीत मात्र प्रत्येक सौद्याचा हिशेब निराळा असतो. समजा, एकाच मंडळींनी एक कोटीचे पाच सौदे केले, त्यांतील एकाचे तीन कोटी झाले, एकात मुद्दल परत आले आणि तीन सौद्यांत सर्व बुडाले. तर पाच कोटींचे चार उरतात. तरीही सौदा आणणारा यशस्वी सौद्यातील दोन कोटींच्या नफ्यावर वीस टक्के, म्हणजे चाळीस लाख घेऊन जातो आणि बुडालेल्या तीन कोटींशी त्याचा संबंध उरत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची ही रीत करारात लिहिलेली असते, सही केलेली असते, म्हणून ती बेकायदा ठरत नाही. तिला नैतिक म्हणावे काय, हा प्रश्न मात्र सहीने मिटत नाही.

आता ती सबब. ‘आत मोठे मोठे आहेत, त्यांना काय कळत नाही?’ हा प्रतिप्रश्न इतक्या आत्मविश्वासाने केला जातो की विचारणाऱ्याने स्वतः त्या मोठ्यांबरोबर बसून करार वाचला असावा, असे वाटते. मोठे आत असतात हे खरे. पण ते कोणत्या दाराने आत गेले आणि कोणत्या दाराने बाहेर पडतील, याची चौकशी कोणी करत नाही. संस्थात्मक गुंतवणूकदार सहसा साधे समभाग घेत नाहीत; ते परिवर्तनीय अग्रहक्क समभाग घेतात, ज्यांच्यामुळे कंपनी विकली वा मोडली गेली तर त्यांचे पैसे आधी परत मिळतात आणि पुढील भांडवल कमी भावाने उभारले गेले तर त्यांच्या वाट्याचे पुनर्मोजमाप होते. ओळखीतून आलेल्या पाच लाखांच्या नशिबी बहुधा साधा समभाग येतो. पंगत एकच असली तरी मोठ्यांना पहिल्या वाढणीचे पान असते आणि पातेले खरवडेपर्यंत वाढपी ज्याच्यापाशी पोहोचत नाही, त्याने ‘यजमान मोठे आहेत’ म्हणून ढेकर द्यायचा असतो.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ऑनलाइन औषधविक्रीची फार्मईझी चालवणाऱ्या मुंबईच्या एपीआय होल्डिंग्जमध्ये प्रोसस, टेमासेक, टीपीजी अशी जगभरची वजनदार नावे होती. जून 2021 मध्ये तिने नवी मुंबईच्या थायरोकेअर या रोगनिदान कंपनीतील 66.1 टक्के हिस्सा सुमारे 4,546 कोटींना घेण्याचा करार केला. त्याच वर्षी तिचे मूल्यांकन 5.6 अब्ज डॉलरवर गेले आणि नोव्हेंबरमध्ये 6,250 कोटींच्या सार्वजनिक विक्रीचा मसुदा सेबीकडे गेला. ऑगस्ट 2022 मध्ये तो मागे घेण्यात आला आणि 2023 मध्ये कर्ज फेडण्यासाठी हक्कविक्री (राइट्स इश्यू) करावी लागली ती पाच रुपये भावाने, आधीच्या पन्नासच्या तुलनेत नव्वद टक्के खाली. मोठ्यांनी पुन्हा पैसे ओतून आपला हिस्सा राखायचा की नाही, हे ठरवले. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा ओतायला काही नव्हते, त्याचा हिस्सा पाण्यासारखा पातळ झाला. मोठ्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांना चुकणे परवडत होते.

याहून बोलके उदाहरण तंत्रज्ञानाबाहेरचे आहे. जून 2025 मध्ये एचडीबी फायनान्शियल या एचडीएफसी बँकेच्या उपकंपनीने सार्वजनिक विक्रीचा भाव 700 ते 740 ठरवला, तेव्हा नोंदणीबाह्य बाजारात तोच समभाग बाराशेच्या घरात घेतलेले लोक ‘आत खुद्द एचडीएफसी बँक आहे’ या वाक्यावर निर्धास्त होते. बँक आत होतीच. त्या विक्रीतील दहा हजार कोटींची विक्रेती तीच होती. शिवाय नोंदणीपूर्वीच्या बिगर-प्रवर्तक भागधारकाला सहसा सहा महिने विकताही येत नाही, हे रॉकेटवाल्या सादरीकरणात छापायला जागा उरत नसावी.

उरलेल्या सबबी, म्हणजे ‘फक्त ओळख करून दिली’ आणि ‘सगळेच करतात’, यांना उत्तराची गरज नाही.

लॉस एंजेलिसमध्येही बेव्हर्ली पार्क नावाची वसाहत आहे आणि तेथील धनाढ्याचे दहा लाख बुडाले तर त्याला ते हिशेबनिसाकडून कळत असेल. मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये दहा लाख म्हणजे घराच्या कर्जाचे कित्येक हप्ते होत. सेबीने सप्टेंबर 2025 मध्ये नोंदणीकृत पर्यायी गुंतवणूक निधींना सहगुंतवणुकीचा सौदानिहाय मार्ग मोकळा केला, तोही केवळ मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांसाठी, म्हणजे ढोबळमानाने वार्षिक उत्पन्न दोन कोटी किंवा साडेसात कोटींची निव्वळ मालमत्ता आणि त्यातील निम्मी तरी वित्तीय स्वरूपात असलेल्यांसाठी. राहत्या सदनिकेचा भाव कितीही चढला तरी ती निम्मी अट त्यातून भागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये अनधिकृत नोंदणीबाह्य व्यवहार-मंचांविरुद्ध सेबीने इशाराही दिला होता. तो कोणी ‘फॉरवर्ड’ केल्याचे आढळत नाही.

मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराच्या या अटी जाचक आहेत, श्रीमंतालाच अधिक श्रीमंत होण्याची मुभा देतात, हा आक्षेप निराधार नाही आणि त्याला समाधानकारक उत्तर या स्तंभाकडेही नाही. सौदा आणणाऱ्याला मात्र दोन प्रश्न विचारता येतात: त्याचे स्वतःचे किती पैसे याच समभागांत, याच भावाने आहेत, आणि एका सौद्यात मिळालेला वाटा तो पुढील सौद्याच्या तोट्यात परत करील काय. सोसायटीच्या वार्षिक सभेत उद्वाहकाच्या बाराशे रुपयांच्या दुरुस्तीवर पाऊण तास बोलणारे सभासद हे प्रश्न विचारत नाहीत, कारण सौदा आणणारा बहुधा त्यांच्याच मजल्यावर राहतो आणि दिवाळीला फराळ पाठवतो.