कोणते ‘नाही’ म्हणावे?

एखाद्याला ‘नाही’ म्हणायचे झाले, तर कोणते ‘नाही’ म्हणावे, हा नीतीचा प्रश्न की नुसत्या व्यवहाराचा? माझ्या मते नीतीचाच; आणि गंमत अशी की, त्याचा सर्वांत काटेकोर विचार मला एखाद्या धर्मग्रंथात नव्हे, तर संगणकाच्या शास्त्रात आढळला.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला फाइल सर्व्हरचे काम करतो. माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाला त्याने ते असे समजावले: कपाट एका ठिकाणी, मागणारी यंत्रे दूरदूरच्या टेबलांवर, मध्ये तार. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने यासाठी ‘एनएफएस’ नावाची पद्धत बसवली. मागितलेले देता आले नाही की कपाट एक आकडा पाठवते. २ म्हणजे अशी फाइलच नाही. १३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. २८ म्हणजे कपाटच भरले. ६९ म्हणजे तुमच्या वाट्याची जागा संपली. आणि ७०? तुमच्या हातातली खूण शिळी झाली. ती जिची होती, ती फाइल आता उरलेली नाही. हा आकडा ऐकून मी क्षणभर गप्पच झालो.

‘नाही ते नाही, आकड्याने काय बिघडते?’ असे म्हणणाऱ्याने आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस खरेदी केंद्रावर ऐन हंगामात एक सकाळ उभे राहावे. ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हटले, की शेतकरी गाडी वळवतो आणि कापूस वाळत घालतो. आज जागा नाही म्हटले, तर तिथेच गाडीखाली पथारी टाकतो. सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा नाही म्हटले, तर तलाठ्याकडे धावतो. समजा, जागा नव्हती आणि तोंडाला आले म्हणून कोणी ‘ओला आहे’ सांगितले! बिचारा वाळलेला कापूस पुन्हा अंगणात पसरील. दोन दिवस गेले, गाडीभाडे गेले. त्याला कोणी लुटले नाही. कारण तेवढे चुकीचे दिले.

मागणारे यंत्रही आकडा वाचूनच पुढचे पाऊल टाकते. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०००८ हा आकडा आला. त्याचे नाव ज्यूकबॉक्स. मुंबईच्या इराण्याकडे नाणे टाकले की तबकडी शोधून लावणारी पेटी असे, तीच ही. फाइल आहे, पण आतून काढायला वेळ लागेल. जरा थांबा, पुन्हा विचारा. या ठिकाणी २ सांगितले, तर मागणारा फाइल नाहीच असे समजून त्या नावाची नवी, कोरी फाइल तयार करायला निघेल. दुसऱ्या आवृत्तीत हा आकडाच नव्हता. तेव्हा लिनक्सचा सर्व्हर अशा वेळी उत्तरच देत नाही. मागणारा वाट पाहून पुन्हा विचारतो. खोट्या उत्तरापेक्षा मौन बरे, असेच म्हणायचे ना हे?

आळशी माणसाचा लाडका आकडा मात्र ५. वाचण्यालिहिण्यात काहीतरी बिघडले, एवढाच त्याचा अर्थ. साऱ्या अडचणी त्यात कोंबता येतात. लिनक्सच्या सर्व्हरलाही अनोळखी आकडा आला की तो बाहेर ५ सांगतो. पण आपल्या दप्तरात, नियमाबाहेरचा आकडा आला होता, अशी नोंद ठेवतो. त्याची ही लाज मला आवडली.

खरा पेच पुढेच आहे. वेबच्या जगात ४०३ म्हणजे मनाई आणि ४०४ म्हणजे सापडले नाही. मनाई असलेली वस्तू आहे हेच लपवायचे असेल, तर खुशाल ४०४ सांगा, अशी तिथे नियमाने सवलत आहे. धर्मराजाच्या रथाची चाके अश्वत्थाम्याच्या अर्धसत्याने जमिनीला टेकली; इथे अर्धसत्याला परवाना! चोराला तिजोरी कुठे आहे ते सांगू नये, हे मलाही पटते. पण यादीत नाव चढवायचे राहून गेले, आणि ज्याची वस्तू त्यालाच ४०४ दिसले, तर? तो परवानगी मागायला कुठे जाणार? त्याच्या लेखी मागण्यासारखे काही उरलेलेच नाही.