गच्चीवरचे ११ सेकंद

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या एका मित्राने त्याच्या मैत्रिणीला लग्नाचं विचारायचं ठरवलं. कुठे? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. पुण्यातली जुनी, चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग आहे, पण वरून वेताळ टेकडी दिसते आणि संध्याकाळी वारा चांगला असतो.

आम्ही आठ जण होतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, दहा दिवस प्लॅनिंग चाललं. दिव्यांच्या सहा माळा, जिन्यातून वर ओढलेली वायर, गुलाबाच्या पाकळ्या, ब्लूटूथ स्पीकर. सेक्रेटरीकाकांनी 'दहानंतर आवाज नको' या अटीवर किल्ली दिली. तिला सांगायचं होतं की वाढदिवसाचा केक कापायला वर ये. माझं काम पाण्याच्या टाकीमागे लपून शूट करायचं.

दुपारी माळा बांधायला गेलो, तर अर्ध्या गच्चीवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया. जुन्या साडीवर ओळीने घातलेल्या, चारी कोपऱ्यांना विटा. काकू कुरकुर न करता उचलायला लागल्या. कशासाठी चाललंय ते ऐकल्यावर हसल्या आणि मित्राला म्हणाल्या, "तिला विचारलंयस का?"

"काकू, तेच तर विचारायचंय आज."

"तसं नव्हे रे. असं सगळ्यांसमोर विचारलेलं चालेल का, ते विचारलंयस का?"

तो म्हणाला, "मग सरप्राइज काय राहिलं?" आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

ती वर आली. माळा लागल्या, गाणं सुरू झालं, तो गुडघ्यावर बसला. तिने तोंडावर हात ठेवला. मग तिची नजर टाकीकडे वळली, तिथून कठड्यापाशी उभ्या असलेल्या चौघांकडे, परत त्याच्याकडे. मग ती "हो" म्हणाली. टाळ्या, शिट्ट्या, मिठी.

रात्री मी रील एडिट करायला घेतलं तेव्हा मोजलं. प्रश्न आणि 'हो' यांच्यामध्ये ११ सेकंद होते. रीलमध्ये ११ सेकंद म्हणजे फार होतात, लोक पुढे सरकवतात. मी त्यातले नऊ कापले. कमेंट्समध्ये बहुतेकांनी एकच लिहिलं, 'एका क्षणात हो म्हणाली!'

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आहे. ज्याचं उत्तर 'नाही' असं देताच येणार नाही, त्याला प्रश्न म्हणायचं का?

तिला कुणी धमकावलं नव्हतं. तोंडाने 'नाही' म्हणायला काहीच आडकाठी नव्हती. पण त्या गच्चीवर 'नाही' ठेवायला जागाच नव्हती. 'हो' आलं तर काय करायचं ते सगळं ठरलं होतं, दुसरं गाणंसुद्धा तयार होतं. 'नाही' आलं तर माळा कोण बंद करणार, आम्ही आठ जण कुठे बघणार, ती चार मजले एकटी कशी उतरणार, यावर त्या दहा दिवसांत ग्रुपवर एकही मेसेज पडला नव्हता. 'विचार करून सांगते' हेसुद्धा तिथे नकारासारखंच ऐकू आलं असतं.

हे आपल्याच गच्चीवर होतं असंही नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चीनच्या ह झी या डायव्हरने रौप्यपदक घेतलं आणि ती पदक घेऊन उतरते न उतरते तोच तिच्या मित्राने गुडघ्यावर बसून, जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर तिला विचारलं. ती रडली, मग हो म्हणाली. सहा वर्षांचं प्रेम होतं, त्यामुळे ते खरंही असेल. पण तिच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी तिला पदकाऐवजी अंगठीकडे बघावं लागलं, अशी टीका तेव्हाही झाली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं हॉलिवूडचं आणि हिरे विकणाऱ्यांचं खूळ आहे. काही अंशी आहेच. हिरा आणि कायमचं प्रेम यांची गाठ १९४७ मध्ये डी बीअर्ससाठी जाहिरात लिहिणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी अशी पक्की मारली, की ती अजून सुटलेली नाही. पण म्हणून मला हा प्रकार सोडून द्यावासा वाटत नाही, उलट.

आपलं लग्न आठवा. चर्चमध्ये दोघांना विचारतात. निकाहात विचारतात, 'कुबूल है?' आपल्याकडे अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात, पण मुलीला 'तुझी इच्छा आहे का' असं त्या मांडवात कुणी विचारत नाही. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची आख्यायिका आपण कौतुकाने सांगतो. अंतरपाटापलीकडच्या मुलीचं काय झालं, हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही. म्हणजे अनेक मुलींना आयुष्यात हा प्रश्न सरळ, तोंडावर विचारला जाण्याची जागा ही एवढीच. ती कुणा जाहिरातवाल्याने दिली असली तरी चालेल. पण मग तिथे तरी प्रश्न खरा असू द्या ना.

काकूंना नंतर एकदा विचारलं, तुमच्या वेळी कसं होतं? त्या म्हणाल्या, कांदेपोहे व्हायचे, आणि जाताना मंडळी म्हणायची, 'कळवतो.' नकार द्यायचा असला की 'पत्रिका जुळत नाही.' काकूंच्या वडिलांनी एका स्थळाला तसंच कळवलं होतं, कारण काकूंनी रात्री आईच्या कानात सांगितलं होतं की मला तो नको. पत्रिका चांगली जुळत होती!

त्या कार्यक्रमांत काय काय अपमान व्हायचे ते मला माहीत आहे. चालून दाखव, गाऊन दाखव. त्याचं उदात्तीकरण नको. बऱ्याचदा 'कळवतो'ची सोयही मुलाकडच्यांचीच असायची. पण त्या एका शब्दात रात्रभराची मुदत होती, आणि कुणाचं तोंड न पोळता 'नाही' म्हणायची वाट होती. आम्ही सहा माळा लावल्या आणि तेवढी वाट बंद केली.

जे. एल. ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की काही शब्द नुसतं काही सांगत नाहीत, ते एक कृती करतात. वचन देणं, पैज लावणं, लग्नाला होकार देणं. आणि कृती म्हटली की तिला कृतीचे सगळे धोके आले. ती दडपणाखालीही होऊ शकते. मला वाटायचं, दडपणाचा तोटा नकार देऊ पाहणाऱ्यालाच होतो. तसं नाही, हे मला जूनमध्ये कळलं.

जूनमध्ये तिचा फोन आला. "रील नको, पूर्ण व्हिडिओ आहे का तुझ्याकडे?"

मी घाबरत विचारलं, "काही झालंय का?"

"काही नाही. लग्न डिसेंबरमध्येच आहे. मी तसंही हो म्हणाले असते गं. पण आता कधीकधी कळत नाही, ते मी म्हणाले की तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हणायला लावलं. मला माझा चेहरा बघायचाय."

मी काय बोलणार? मी ते नऊ सेकंद का कापले तेही तिला सांगितलं. ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी ती भेटली तेव्हा बघून झाला होता. काय दिसलं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. फक्त एवढं विचारलं, की हा त्यालाही पाठवू का.

"थांब," ती म्हणाली. "कळवते."