कातरलेलें मौन

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, अशी एक समजूत आपल्या समाजांत अद्याप दृढ आहे. लेखकाच्या प्रत्येक शब्दावर शंका घेणारे सुविद्य गृहस्थही पडद्यावर पाहिलेली गोष्ट निःशंकपणें खरी मानतात. आज घरोघरीं विद्यार्थी चित्रण व संकलन शिकत आहेत. अशा वेळीं या समजुतीची थोडी चिकित्सा करणें अप्रस्तुत होणार नाहीं. चित्रांतून कांहीं वगळणें हें केव्हां कौशल्य ठरतें आणि केव्हां असत्य, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

विद्यार्थ्याचा पहिला धडा फोकसचा. भिंग एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु पूर्ण स्पष्ट दाखवूं शकतें. तिच्या मागेंपुढें थोडा टापू डोळ्यांस पुरेसा स्पष्ट भासतो, इतकेंच. भिंगाचें छिद्र मोठें केलें, म्हणजे एफ १.८ सारखा आंकडा ठेवला, कीं हा टापू आंखूड होतो. एफ ८ वर आणलें कीं तो लांबतो, मात्र प्रकाश पुष्कळ अधिक लागतो. पाहणाऱ्याची दृष्टि स्वभावतःच स्पष्ट भागाकडे वळते. म्हणून काय धूसर ठेवावयाचें हें ठरविणारा मनुष्य, दुसऱ्यानें कशाकडे पाहूं नये हेंही कांहीं अंशीं ठरवीत असतो.

दुसरा धडा कात्रीचा. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या रशियांत लेव्ह कुलेशोव्ह यानें एका नटाच्या मुद्रेचा एकच तुकडा निरनिराळ्या चित्रांशेजारीं जोडून दाखविला. शेजारीं अन्न असतां प्रेक्षकांस त्या मुद्रेंत भूक दिसली, शव असतां शोक दिसला, असें सांगतात. अर्थ केवळ तुकड्यांत नसतो, तो जोडणींतही असतो, हें यावरून उघड होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, निवड कोणास चुकली आहे? इतिहासकारही वगळतो, पत्रलेखकही वगळतो. हें खरें आहे. परंतु सर्व योजना एकाच मापानें मोजतां येत नाहींत. रॉबर्ट फ्लाहर्टी यानें १९२२ सालच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या चित्रपटासाठीं, आंत उजेड यावा म्हणून हिमगृहाची एक बाजू उघडी ठेविली; त्याच चित्रपटांत त्यानें बंदुकांची संवय झालेल्या इनुइट लोकांकडून जुन्या पद्धतीनें शिकारही करविली. पहिल्या युक्तीनें जें होतें तें दिसण्यास मदत झाली. दुसरीनें जें मागें पडलें होतें तें चालू असल्याचें भासविलें. आमच्या मतें दोष आहे तो दुसरींत.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें अभ्यासाचा भाग म्हणून मुंबईंतील एका वृद्ध गिरणी कामगाराची मुलाखत चित्रित केली. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपांत हे गृहस्थ होते. गेलेली नोकरी त्यांस परत मिळाली नाहीं. “आजोबा, संपाचा पश्चात्ताप होतो का?” असें विचारतांच ते मागें टेकले, अकरा सेकंद गप्प राहिले, आणि पुन्हा पुढें वांकून “नाही” एवढेंच म्हणाले. छिद्र एफ १.८ वर होतें. मागें टेकतांच चेहरा स्पष्ट टापूच्या बाहेर गेला आणि तें सारें मौन धूसर आलें. विद्यार्थ्यानें तो भाग सदोष समजून कापला व सांधा दिसूं नये म्हणून मध्यें त्यांच्या हातांचें चित्र घातलें. आतां प्रश्नास लागूनच खणखणीत “नाही” ऐकूं येऊं लागलें. एकही शब्द बदलला नव्हता.

तें पाहून आजोबा प्रसन्न झाले. म्हणाले, “बरं केलंस बाबा. एवढं ठाम बोलायला मला कुठलं जमायला!”

ज्याचें चित्र घेतलें त्याची संमति असली म्हणजे झालें, असें आपण सामान्यतः मानतों. येथें संमति तर होतीच, वर शाबासकीही होती. आणि त्या शाबासकींतच चित्र खोटें असल्याची साक्ष होती. संमतीनें आजोबांवर अन्याय झाला नाहीं असें फार तर ठरेल. परंतु पाहणाऱ्याची तेथें फसवणूक होते, तिला त्यांची संमति कशी पुरेल? या मनुष्यास कधीं शंकेनें स्पर्शही केला नाहीं, असा त्याचा ग्रह होणार. वस्तुतः तें “नाही” अकरा सेकंदांच्या झगड्यांतून वर आलें होतें, आणि त्याचें मोल त्यामुळेंच अधिक होतें.

म्हणून आम्हांस अशी कसोटी सुचते: वगळलेला भाग पाहिल्यावर प्रेक्षकाचें मत बदलेल काय? खोकला, पुनरुक्ति, अडखळणें काढल्यानें सहसा तें बदलत नाहीं. तेथें कात्री निर्दोष आहे. जेथें तें बदलेल तेथें कापणें हें असत्य होय, मग हेतु कितीही निर्मळ असो.

विद्यार्थ्यानें तें मौन होतें तसें, धूसरच, परत जोडलें. परीक्षकांनीं त्याबद्दल गुण कापले किंवा कसें, हें आम्हीं विचारलें नाहीं. पुढच्या मुलाखतीस मात्र तो जादा दिवे घेऊन गेला आणि छिद्र एफ ८ वर ठेवून बसला. बोलणारा मागें टेकला तरी आतां त्याचा चेहरा हरवणार नव्हता.